व्याह्याने धाडलेलं घोडं

‘घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं’ ही म्हण आमच्या आजीच्या तोंडी दिवसातून एकदा तरी असायची. पण व्याह्याने घोडंच का धाडावं, हे कोडं मला लहानपणापासून पडलेलं. म्हैस धाडली असती तर निदान चहापुरतं दूध मिळालं असतं. घोड्याला चंदी लागते, खरारा लागतो, तबेला लागतो. आणि एवढं करून त्याच्यावर बसण्याची आमच्या घराण्यात कुणाची छाती नाही. लग्नातसुद्धा मी घोड्याऐवजी भाड्याच्या फियाटमधून गेलो होतो. म्हणीचा खरा अर्थ मला कळला तो वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या ट्रॉय या गावी, चिरंजीवांच्या गॅरेजात पालथ्या बादलीवर बसलेला असताना. आणि तिथे घोडं एक नव्हतं. चांगली एकशेवीस घोडी होती.

२०१९ च्या जूनमध्ये आम्ही उभयता तिकडे गेलो ते सूनबाईंच्या बाळंतपणासाठी. म्हणजे ही बाळंतपणासाठी आणि मी डिंक, अळीव, खारीक, सुंठ असा ऐवज तेवीस-तेवीस किलोंच्या बॅगांत बसवण्यासाठी. चोवीसावा किलो झाला की विमानतळावरची बाई काट्याकडे बोट दाखवते आणि सगळ्या रांगेसमोर तुम्हाला बॅग उघडायला लावते. तेव्हा मला त्या बाईचा राग आला होता. आता वाटतं, जगात प्रत्येक ठिकाणी अशी एक बाई बसवायला हवी.

चिरंजीवांकडे मोटारी दोन. एक सूनबाईंची, शहाणी. दुसरी त्यांची स्वतःची, दोन दारांची, वीस वर्षांची जुनी, टर्बोवाली जपानी स्पोर्ट्स कार. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काडीचाही दोष नव्हता. या गाडीला मागे एक सीट होती. त्या सीटवर माणूस बसत नाही, ठेवावा लागतो. मला एकदा ठेवलं होतं. बाहेर काढताना चिरंजीवांनी एक हात धरला, सूनबाईंनी दुसरा, आणि हिने मारुतीचं नाव घेतलं.

टर्बो म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. चिरंजीवांनी अर्धा तास इंग्रजीत सांगितलं ते कळलं नाही. हिला मात्र एका वाक्यात कळलं. “अरे, म्हणजे चुलीचा वैल!” ही म्हणाली. अगदी बरोबर. चुलीतून वाया जाणारी धग शेजारच्या वैलात जाते आणि तिच्यावर आमटी उकळते. तसा इंजिनातून वाया जाणारा गरम धूर एका पंख्याला फिरवतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त म्हणून स्फोट मोठा. आल्फ्रेड ब्यूची नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. आमच्या आज्या-पणज्यांनी वैलाचं पेटंट घेतलं नाही, हा त्यांचा निष्काळजीपणा.

आता या वैलाची गंमत अशी, की त्याची धग वाढवणं फार सोपं असतं. नव्या गाड्यांत ते काम एक छोटा संगणक बघतो. चिरंजीवांनी एका रविवारी गाडीला लॅपटॉप जोडला, चार-दोन आकडे बदलले, मोठा इंटरकूलर आणि मोठे पेट्रोलचे इंजेक्टर बसवले आणि कारखान्यातून ३०० अश्वशक्ती घेऊन निघालेली गाडी ४२० वर नेली. माझी छाती फुगली. मी जन्मभर हेच तर करत आलो होतो! पोराला अठ्ठ्याऐंशी टक्के मिळाले की मी विचारायचो, “ब्याण्णव का नाहीत?” इथे त्याने न विचारता एकशेवीस जास्त आणले होते.

खात्री करून घ्यायला आम्ही गाडी एका वर्कशॉपात नेली. तिथे गाडी मोठ्या रुळांवर चढवतात, पट्ट्यांनी बांधतात आणि जीव खाऊन पळवतात. प्रचंड आवाज होतो, धूर निघतो आणि गाडी जागची हलत नाही. मला आमच्या हेड ऑफिसची आठवण झाली. चाकांवर आकडा आला ३५७. “बाकीचे त्रेसष्ट कुठे गेले?” मी घाबरून विचारलं. चिरंजीव म्हणाले, ते वाटेत जातात. गिअर, बेअरिंग, ऑइल यांत साधारण शंभरातले पंधरा मुरतात असा हिशेब धरायचा. सरकारी योजनांच्या मानाने ही गळती मला फारच कमी वाटली.

चिरंजीवांच्या शेजारी एक गोरे आजोबा राहात. डेट्रॉइटच्या परिसरात चाळीस वर्षं गिअर कापण्यात घालवलेला माणूस. रोज संध्याकाळी ते गॅरेजच्या दारात येऊन उभे राहायचे. पालथी बादली खरं म्हणजे त्यांची. मी आल्यापासून त्यांनी आपली दुसरी आणली. ४२० चा आकडा ऐकून ते खूश होतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “इंजिन हो म्हणालं. बाकीच्यांना विचारलंस का?”

हे बाकीचे म्हणजे कोण, ते त्यांनी मला बोटं मोडून सांगितलं. इंजिन नुसतं जागेवर बसून फिरतं. त्याचं फिरणं क्लच घेतो, गिअरबॉक्सला देतो. गिअरबॉक्स लांब शाफ्टमार्फत मागच्या डिफरन्शियलला देतो. डिफरन्शियल ते दोन ॲक्सलमध्ये वाटून चाकांना देतो. घरोघरी जशी वराती मंडळींची व्यवस्था असते, तशी. नवरदेव एकच मिरवतो. पण त्याच्या मागे पाणी तापवणारे, पानं मांडणारे, गाद्या घालणारे वेगळेच असतात. फोटोत ते नसतात.

“आणि अश्वशक्तीला घाबरू नका,” आजोबा म्हणाले. “मोडतो तो पीळ.” त्यांनी एक लांब पाना आणून दाखवला. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला एक्केचाळीस किलोंचं पोतं टांगलं, की नटावर जो पीळ पडतो तो सुमारे ४०० न्यूटन-मीटर. चिरंजीवांच्या इंजिनाचा मूळ पीळ तेवढा होता. अश्वशक्ती म्हणजे हा पीळ गुणिले फेऱ्यांचा वेग. पीळ तेवढाच ठेवून इंजिन जास्त वेगाने फिरवलं तरी अश्वशक्ती वाढते, आणि गिअरच्या दात्यांना तितकी तोशीस पडत नाही. पण टर्बो वाढवला की पीळच वाढतो. एक्केचाळीस किलोंच्या पोत्याचं एकोणसाठ किलोंचं होतं. शिवाय पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून पिळाची बारापट करतात. म्हणजे ॲक्सलपाशी पोचेपर्यंत त्या पोत्याचे सातशे किलो झालेले असतात. विमानतळावरच्या त्या बाईला इथे चक्करच आली असती.

सगळ्यांत आधी तक्रार केली क्लचने. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये जोरात पाय दिला की इंजिनाचा काटा वर चढायचा आणि गाडीचा वेग तेवढाच राहायचा. वास मात्र सुटायचा. तो वास मी लगेच ओळखला! आमच्या स्कूटरचा तो कौटुंबिक वास होता. मी, ही, पुढे उभे चिरंजीव, मागे धाकटी कन्या आणि पायाशी गॅसचा सिलिंडर अशी दिंडी कात्रजचा चढ चढायला लागली की क्लचप्लेटा जळून असाच दरवळ सुटायचा आणि ही मुकाट्याने उतरून चालायला लागायची. ही उतरली की स्कूटर चढायची. मी त्याचं श्रेय स्कूटरला द्यायचो.

चिरंजीवांनी मूळ क्लच काढून दणकट क्लच बसवला. त्याची स्प्रिंग एवढी कडक, की सिग्नलला पाय थरथरायचा. आजोबांनी मान हलवली. “घसरणारा क्लच हा फ्यूज आहे,” ते म्हणाले. “तो घसरत होता म्हणून बाकीचे वाचत होते.” हे मला पटायला वेळ लागला नाही. सदाशिव पेठेत आमच्या घरमालकांकडे फ्यूज वारंवार उडायचा, म्हणून त्यांनी त्यात सायकलच्या स्पोकएवढी जाड तार घातली होती. त्यानंतर फ्यूज कधीच उडाला नाही. भिंतीतली वायर जळली.

क्लचपाठोपाठ टायर आले. जुने टायर पहिल्या गिअरमध्ये जागेवरच फिरायचे, किंचाळायचे. नवे रुंद टायर रस्त्याला गुळासारखे चिकटत. म्हणजे घसरण्याची तीही सोय गेली. टायर घसरत नाही, क्लच घसरत नाही. मग एकशेवीस घोड्यांनी जायचं तरी कुठे?

ऑगस्टातला तिसरा शनिवार. डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५ पासून या दिवशी जुन्या मोटारींची जत्रा भरते. जत्राच ती! रस्त्याच्या कडेला लोक खुर्च्या टाकून सकाळपासून बसतात आणि समोरून मोटारींची पालखी संथपणे सरकत असते. आम्ही बापलेक दिवसभर त्या पालखीत होतो. ताशी दहा मैलांच्या वर गाडी गेली नाही. परतताना हायवेच्या चढणीवर गाडी आली, समोर रस्ता मोकळा होता, आणि मी म्हणालो (कबूल करतो, मीच म्हणालो), “दाखव की तुझी घोडी!”

चिरंजीवांनी तिसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. एक क्षण काही झालं नाही; टर्बोवाले इंजिन आधी जरा विचार करतं. मग माझं डोकं मागे आपटलं, पोटातली भाजी-पोळी पाठीला लागली आणि पाठोपाठ गाडीच्या पोटात असा आवाज झाला, की जणू कुणी पितळी डब्यात अडकित्ते भरून डबा जिन्यावरून सोडला. इंजिन मजेत गर्जत होतं. गाडी मात्र हळूहळू थांबली.

ती रात्री एका सपाट ट्रकवर चढून घरी आली. दारात ही उभी होती. सूनबाई नववा महिना सांभाळत जिन्याच्या पायरीवर बसलेल्या. कुणी काही बोललं नाही. एवढ्या शांततेत माझ्या हातातल्या जत्रेच्या टोपीचा मला फार संकोच वाटला.

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्सचं ऑइल काढलं. बुचाला लोहचुंबक असतं. त्यावर काजळासारखा मऊ लगदा असला तर समजावं, सगळं ठीक आहे. दाते घासतात, तेवढं व्हायचंच. आमच्या बुचाला खडीसाखर लागली होती. आजोबांनी चष्मा लावून एक खडा उचलला. “तिसऱ्याचा दाता,” ते हळहळून म्हणाले, ओळखीच्या माणसाची बातमी सांगावी तसे.

“पण तिसराच का?” मी विचारलं. त्यांचं म्हणणं असं, की पहिल्या गिअरमध्ये फार झालं तर टायर घसरतो. तिसऱ्यात टायर घट्ट धरलेला असतो, टर्बो पूर्ण भरात आलेला असतो आणि सगळा पीळ त्या दोन-तीन दात्यांवर येऊन बसतो. शिवाय गिअरचे दाते तिरके कापलेले असतात. तिरक्या दात्यांमुळे गिअर आवाज करत नाहीत, पण जोर आला की ते एकमेकांना बाजूला ढकलतात. शाफ्ट वाकतात, ॲल्युमिनियमचा डबा फाकतो आणि दाते नुसत्या टोकांवर भेटतात. शर्यतीच्या गाड्यांत म्हणून सरळ दाते घालतात. ते तसं ढकलत नाहीत, पण दिवसभर रडतात. आपली गाडी रिव्हर्समध्ये ‘गूंऽऽ’ करते ना, बहुतेक गाड्यांत ते सरळ दात्यांचं रडणं असतं.

“आणि हा काल तुटला नाही,” आजोबा खडा फिरवत म्हणाले. “पहिल्या दिवशी बारीक चीर पडली. मग रोज थोडी थोडी वाढली. आवाज येत असणार. तुम्ही इंजिन ऐकत होता.”

संध्याकाळी खर्चाचं गणित मांडलं. मजबूत गिअरबॉक्सची किंमत जवळपास गाडीएवढी. तो बसवला की पाळी डिफरन्शियलची. तोही बदलला की ॲक्सलची. प्रत्येक जण आपल्यावरचं ओझं पुढच्याच्या डोक्यावर देऊन मोकळा होणार. मोठमोठ्या कंपन्यांचीही यातून सुटका नाही. पोर्शेने १९७५ साली ९११ टर्बो बाजारात आणली, तेव्हा साध्या ९११ ला पाच गिअर मिळत, हिला मात्र चारच दिले. कारण पाच गिअरांच्या डब्याला टर्बोचा पीळ झेपेना. गिअर चार, पण जाडजूड. टर्बोला पाचवा गिअर मिळायला १९८९ साल उजाडलं. टोयोटाने १९९३ साली नवी सुप्रा काढली, तेव्हा बिनटर्बोच्या गाडीत आपला पाच गिअरांचा डबा घातला आणि टर्बोवालीसाठी जर्मनीच्या गेट्रागकडून सहा गिअरांचा मागवला. आणि २००५ सालची ती १००१ अश्वशक्तीची बुगाटी व्हेरॉन! तिचा पीळ १२५० न्यूटन-मीटर, म्हणजे आपल्या पान्याला सव्वाशे किलोंचं पोतं. तो पेलायला इंग्लंडच्या रिकार्डो कंपनीकडून खास गिअरबॉक्स करून घ्यावा लागला. थोडक्यात, शहाणा माणूस घोडी आणण्याआधी तबेला बांधतो. आम्ही घोडी आणून दिवाणखान्यात सोडली होती.

चिरंजीव कागदाकडे बघत म्हणाले, “बाबा, घराच्या डाऊन पेमेंटमधले थोडे काढले तर—” आणि सवयीने माझ्या तोंडाकडे बघितलं. ब्याण्णव का नाहीत, असं विचारणाऱ्या तोंडाकडे.

मी उत्तर देणार तेवढ्यात घरातून आवाज आला. जिन्याचा. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी पायरी, आणि दर पायरीला ‘कट्’. ही कपड्यांची बादली घेऊन तळघरातून वर येत होती. जूनपासून रोज हा आवाज येत असणार. मी इंजिन ऐकत होतो.

मी बादली घेतली आणि विचारलं, “गुडघा कधीपासून दुखतोय?”

“झाली की दोन वर्षं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी?” ही म्हणाली आणि उरलेल्या दोन पायऱ्या चढून गेली.

मी रिकाम्या जिन्यात बादली धरून उभा राहिलो. क्लार्कचा ऑफिसर झालो, ऑफिसरचा मॅनेजर झालो. दर बढतीला माझी अश्वशक्ती वाढली. पेढे मी वाटले. सोलापूरला, नांदेडला बदली झाली की भांडी हिने बांधली. साहेब घरी जेवायला येऊ लागले, त्यांच्या मागून त्यांचे साहेब येऊ लागले. पोळ्या त्याच दोन हातांनी लाटल्या. प्रत्येक वेळी बँकेने मला विचारलं, “झेपेल ना?” आणि मी छातीवर हात ठेवून सांगितलं, “का नाही?” कात्रजच्या चढाला ही मुकाट्याने उतरत होती. फ्यूज होता तो. मी त्यात जाड तार घालून बसलो होतो.

गॅरेजात जाऊन मी चिरंजीवांना सांगितलं, “तीनशे पुष्कळ झाले रे.” तो माझ्याकडे असा बघत राहिला, की बहुतेक दहावीनंतर त्याला प्रथमच श्वास घेता आला असावा. मग त्याने लॅपटॉप आणला. एका भंगारवाल्याकडून त्याच जातीचा जुना गिअरबॉक्स मिळाला. तो आम्ही तिघांनी मिळून चढवला. म्हणजे ते दोघे गाडीखाली होते आणि मी बॅटरी धरून होतो. डाऊन पेमेंट शाबूत राहिलं. सप्टेंबरात नात झाली. तिची खुर्ची त्या मागच्या सीटवर बसेना, तेव्हा ती सूनबाईंच्या शहाण्या गाडीतून घरी आली आणि गाड्यांचा क्रम कायमचा ठरला.

परवा चिरंजीवांचा फोन आला. बढतीचं विचारताहेत, दुसऱ्या शहरात जावं लागेल. “शाबास! आणि त्याच्या पुढची कधी?” हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. ते गिळून मी म्हणालो, “घरात विचारलंस का?” पलीकडे बराच वेळ शांतता होती. टर्बोवालं इंजिन आधी जरा विचार करतं.

हिच्या गुडघ्यांना हल्ली रोज रात्री मी महानारायण तेल चोळतो. ऑइल वेळेवर हवं, असं आजोबांनी बजावलं होतं. चाळीस वर्षांत पहिलंच म्हणा! पण काल ही म्हणाली, “आवाज बराच कमी झालाय.”

गुडघ्यांचा की माझा, ते मी अजून विचारलेलं नाही.